उच्च रक्तदाब : उपकेंद्रातील परिचारिकेचे कार्य

इंदूर-खंडवा मार्गावरील सिमरोल हे गाव आज आयआयटी इंदूरच्या संकुलामुळे ओळखले जाते. अशा गावांत उच्च रक्तदाबाच्या उपचारांतील सातत्य मात्र मोठ्या इस्पितळापेक्षा जवळच्या उपकेंद्रातील परिचारिकेवर अधिक अवलंबून असते.

विकाराचे स्वरूप : दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तो उच्च मानतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना हा विकार आहे. त्याची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. त्यामुळे बरे वाटताच गोळी थांबवली जाते आणि पुढे पक्षाघात, हृदयविकार वा मूत्रपिंडविकार ओढवतो.

कार्यपद्धती : मैदानी भागात ५,०००, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांपैकी अनेक जण परिचर्येचे पदवीधर आहेत. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची प्राथमिक माहिती नोंदवते आणि उपकेंद्रात रक्तदाब मोजला जातो. औषध डॉक्टर ठरवतात. त्यानंतर दरमहा मोजणी करणे, गोळ्या देणे आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणे ही कामे परिचारिकेकडे येतात. औषध गावातच मिळाले, तर रुग्णाची मजुरी बुडत नाही.

उपक्रम : भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही त्यातील आरंभीची राज्ये असून गोव्याला लागून असलेला सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांपैकी एक होता. सोपी औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, कामाची वाटणी, घराजवळ सेवा आणि नोंदी हे त्याचे पाच आधार आहेत. २०२२ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला.

रुग्णाने घ्यावयाची काळजी : मोजणीपूर्वी अर्धा तास चहा वा तंबाखू घेऊ नये. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व पावले जमिनीवर असावीत आणि दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. इंदूरकडील शेव असो वा आपल्याकडील खारवलेली मासळी, दोन्हींतील मीठ हिशेबात धरावे लागते. आकडा उतरला, तरी डॉक्टरांना विचारल्याविना गोळी बंद करू नये. तो उतरलेला असतो तो त्या गोळीमुळेच.