वेळ सर्वांची, श्रेय कोणाचे?

वसई-विरार पट्ट्यातल्या मुलांना घड्याळाचे महत्त्व शिकवावे लागत नाही. घरातली मोठी माणसे लोकलच्या वेळेवर जगतात; एक मिनिट चुकले की गाडी गेली. पण याच मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : खिशातल्या मोबाइलला आपल्याकडची वेळ कळते कशी? 'उपग्रहावरून' किंवा 'कंपनीकडून' अशी उत्तरे येतील. ती अर्धीच खरी आहेत. जगाची एक सामाईक वेळ बाहेरून मिळते. पण 'भारतात तिच्यात साडेपाच तास मिळवा' हा नियम यंत्राला कोठून मिळतो? त्याची गोष्ट आपण या लेखात पाहणार आहोत. ती विज्ञानाची आहे तशीच श्रेयाचीही आहे.

विरारचा मध्यान्ह

आधी थोडे गणित करू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. वसईचा रेखांश सुमारे ७२.८. फरक ९.७ अंश, त्याला चाराने गुणले की जवळजवळ ३९ मिनिटे येतात. म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा नव्हे, तर साधारण बारा एकोणचाळीस झालेले असतात. (वर्षभरात सूर्य थोडा मागेपुढे होतो, तो भाग वेगळा.)

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हा प्रमाणवेळ नव्हती. मुंबईची स्वतःची स्थानिक वेळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या, आणि ही वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईकरांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि महापालिकेची घड्याळे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे 'मुंबई वेळ' दाखवीत राहिली. या वादाला 'घड्याळांची लढाई' असे नाव पडले होते. त्यात आणखी भर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, भारताची घड्याळे एक तास पुढे नेलेली होती.

एकट्या भारताची ही कथा. जगातल्या प्रत्येक देशाने असेच कधी ना कधी घड्याळ पुढेमागे केले आहे. हे सारे संगणकाला सांगायचे कोणी?

टिपणांची वही

१९८० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम हाती घेतले. कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेपासून, किती तासांचा फरक, अशा सोप्या ओळींची त्यांनी एक फाइल केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवू लागले. कोणी सरकारी राजपत्र धुंडाळले, कोणी जुनी वर्तमानपत्रे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल एगर्ट पुढे या कामाचे संपादक झाले. मोबाइल, बँकांचे संगणक, विमानांची वेळापत्रके या सर्वांत आज हीच यादी वापरली जाते. आपला विभाग तीत 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. २००८ पर्यंत तेथे 'कलकत्ता' असे होते. जुन्या प्रणाली अडू नयेत म्हणून ते नावही पर्याय म्हणून राखलेले आहे.

यादीचा मुख्य भर १९७० नंतरच्या काळावर आहे. त्यामुळे 'मुंबई वेळे'ला तीत स्वतंत्र विभाग नाही. पण भारताच्या नोंदीशेजारी, टिपणाच्या रूपाने, मुंबईतल्या त्या 'लढाई'चा उल्लेख आहे आणि तो कोणाच्या लेखातून घेतला तेही लिहिलेले आहे. या यादीची आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. यंत्राला टिपणे लागत नाहीत, ती माणसांसाठी आहेत. ही माहिती कोणी कळवली, कोणत्या पुस्तकातून घेतली, ते पुस्तक कोठे चुकलेले दिसते, हे सारे तेथे लिहिलेले असते.

प्रामाणिकपणाची शिक्षा

आणि याच प्रामाणिकपणामुळे २०११ मध्ये सारे काम बंद पडण्याची वेळ आली. जुन्या काळातील बऱ्याच नोंदींसाठी एका छापील 'ॲटलस'चा आधार घेतल्याचे टिपणांत स्पष्ट म्हटले होते. त्या पुस्तकाचे हक्क 'ॲस्ट्रोलेब' या कंपनीकडे होते. कुंडली मांडण्याच्या प्रणाली विकणारी ही कंपनी! जन्मवेळेसाठी ज्योतिष्यांना जुन्या स्थानिक वेळा लागतात, हे त्यामागचे कारण. कंपनीने सप्टेंबर २०११ मध्ये ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर अमेरिकेत दावा लावला. ओल्सन यांना यादी काढून घ्यावी लागली.

कायद्याचा मुद्दा साधा होता. पुस्तकाच्या मांडणीवर लेखकाचा हक्क असतो. पण अमुक दिवशी अमुक गावाने घड्याळ पुढे केले ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीवर कोणाचीच मालकी नसते. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला आणि आपली समजूत चुकीची होती हे मान्य केले. तोपर्यंत इंटरनेटवरील नावे आणि क्रमांकांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयाना' या संस्थेने यादीची जबाबदारी घेतली होती.

आधार लपवला असता तर कदाचित दावा झालाच नसता. म्हणून आधार सांगणे चूक ठरते का? मुळीच नाही. आधार सांगितला होता म्हणूनच नोंदी तपासता आणि सुधारता आल्या.

मानक झाल्यावर

चांगले खुले काम पुष्कळदा अधिकृत मानक होते. या यादीच्या फाइलची रचना २०१९ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजात आली, आणि त्यावर लेखक म्हणून ओल्सन व एगर्ट यांची नावे आहेत. दुसरे उदाहरण जावा या संगणकभाषेचे. तीत तारीख-वेळ हाताळण्याची मूळ सोय गैरसोयीचीच होती. स्टीफन कोलबोर्न यांनी 'जोडा-टाइम' नावाची खुली प्रणाली लिहिली आणि लोक ती वापरू लागले. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत तारीख-वेळेची नवी अधिकृत रचना आली, ती याच प्रणालीवरून स्फुरलेली. तिची आखणी करणाऱ्यांच्या प्रमुखांत स्वतः कोलबोर्न होते. नव्या रचनेत जुन्या चुका टाळता आल्या, कारण त्या कोठे झाल्या हे जाणणारा माणूस तेथे होता.

श्रेय म्हणजे नुसता मान नव्हे. ती वाट दाखवणारी खूण असते. पुढे शंका आली तर कोठे जाऊन विचारायचे, हे त्यावरून कळते. मानकातून मूळ नावे गळली की ते मानक आकाशातून पडल्यासारखे वाटू लागते, आणि त्याला प्रश्न विचारण्याची सवयही सुटते.

वर्गात हा धडा सहज देता येईल. एका दुपारी मैदानात काठी रोवून सर्वांत लहान सावलीची वेळ टिपून घ्या. ती बारा एकोणचाळीसच्या आसपास येते का ते पाहा. कोणत्या दिवशी, कोणी मोजली, कोणाच्या घड्याळावर, हे मुलांना आकड्याशेजारी लिहायला सांगा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला आकड्याइतकीच ती ओळही उपयोगी पडेल.