दिव्याचा डाव आणि रोहिणीची लढाई

२८ जुलै २०२५ ला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. समोर होती बरोबर दुप्पट वयाची, ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. मोठे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती.

हम्पीने कॅटलान सुरुवात केली. यात पांढरा वजीर आणि त्याच्या बाजूचा उंट यांच्यापुढची प्यादी पुढे काढतो, आणि राजाकडचा उंट घोड्यापुढच्या घरात बसवतो. तिथून त्याची तिरकी नजर अख्ख्या पटावर. १९२९ ला बार्सिलोनाच्या स्पर्धेत तार्ताकोवरने ही खेळली, म्हणून त्या प्रांताचं नाव. काळ्याने इथे घाई केली की संपलं. दिव्या दम धरून खेळली आणि ७५ व्या चालीला जिंकली. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. त्या ८८ मध्ये बायका फक्त चार!

हे चार तरी कसे झाले, ते बघायला १९७६ मध्ये जावं लागतं. मुंबईच्या खाडिलकर बहिणींपैकी वासंतीने १९७४ ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. धाकटी रोहिणी १३ व्या वर्षी थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. लगेच गदारोळ. वडील नीळकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. प्रकरण हायकोर्टात गेलं, निकाल मुलीच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही सांगून टाकलं, बाईला अशा स्पर्धेत अडवता येणार नाही. पुढे १९८१ ला रोहिणी आशियाई विजेती झाली.

म्हणजे नियमाची अडचण पन्नास वर्षांपूर्वीच मिटली. तरी शालेय स्पर्धांच्या बातम्या करताना मला दिसतं, आठवी-नववीनंतर मुलींची नावं यादीतून गळतात. कोणी बंदी घातलेली नसते. फक्त "आता अभ्यास बघ, संध्याकाळी घरी ये" एवढंच म्हटलेलं असतं.

आपल्या आणे पठारावर बुद्धिबळाला ना मैदान लागतं ना पाणी. दहा पट, एक खोली आणि दिवेलागणीच्या आधीचा एक तास पुरे. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. पोरींच्या आई-वडिलांनो, तुम्हीही या.