खिशातली चिठ्ठी

मद्रास सेंट्रलला उतरलात की आधी मोबाइल पिशवीच्या तळाशी ढकला. तारीख 4 नोव्हेंबर 1934, वार रविवार. ट्राम पकडा आणि समुद्राच्या बाजूला निघा. वालाजा रोडपाशी उतरलात की चेपॉक राजवाड्याचे लाल मनोरे दिसतील. त्यांच्यामागे झाडांनी वेढलेलं जे हिरवं मैदान आहे, तिथे जायचंय. काँक्रीटचे स्टँड शोधू नका, ते व्हायला अजून बरीच वर्षं आहेत.

सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी आहे. चेन्नईच्या एका मित्राकडून तुम्ही ती तमिळमध्ये लिहून घेतलीय : ‘1936 साली हॉकीबरोबर बर्लिनला जा.’ ती पोचवायची एका पंचवीस वर्षांच्या माणसाला, मोरप्पाक्कम जोस्यम गोपालनला. तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

बसायला झाडाची सावली धरा. पॅव्हिलियनकडे बघू नका, ती मद्रास क्रिकेट क्लबची जागा, म्हणजे साहेबांची. देशी खेळाडूंनी झाडाखाली डबा उघडायचा आणि गोऱ्यांनी आत बसून जेवायचं, हा इथला जुना रिवाज. तो सहन होईना म्हणून बुची बाबू नायडूंनी मद्रास युनायटेड क्लब काढला, त्यालाही आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. दर पोंगलला इथे देशी विरुद्ध युरोपियन असा प्रेसिडेन्सी सामना रंगतो. मुंबईच्या चौरंगी सामन्यांवर पोसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आज मात्र वेगळंच काही सुरू होतंय. मद्रास विरुद्ध म्हैसूर, आणि ज्या स्पर्धेला पुढे सगळा देश रणजी करंडक म्हणून ओळखणार आहे तिचा हा पहिला सामना. गोपालन धावत येतो आणि म्हैसूरच्या कर्टिसला चेंडू टाकतो. रणजीतला पहिलावहिला चेंडू! टाळ्या बेताच्याच पडतात, कारण आपण काय पाहिलं हे झाडाखालच्या मंडळींना ठाऊक नाही. तुम्ही एकटेच उठून उभे राहिलात तर शेजारचा वेड्यासारखं बघेल. बसा खाली.

म्हैसूर सगळे बाद 48. मद्रास 130. म्हैसूर पुन्हा सगळे बाद 59. ए. जी. राम सिंग नावाच्या डावखुऱ्यानं अकरा बळी घेतले आणि दिवस मावळायच्या आत मद्रासनं डाव आणि 23 धावांनी सामना खिशात घातला. हा राम सिंग आयुष्यभर कसोटीची वाट बघत राहिला आणि ती त्याच्या वाट्याला आलीच नाही. त्याची मुलं खेळली, तो राहिला. चिठ्ठी खरं तर त्यालाही एखादी हवी होती.

गोपालनची कसोटी खेळून झालीय. याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर तो जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध खेळला. कप्तान आपल्या नागपूरचे सी. के. नायडू. त्याच सामन्यात मुश्ताक अली, दिलावर हुसेन आणि सी. एस. नायडूही पहिल्यांदाच उतरले. गोपालनच्या नावावर दोन डावांत मिळून 18 धावा आणि एक बळी लागला. पुढची कसोटी फेब्रुवारीत इथेच, चेपॉकला झाली. मद्रासची ती पहिली कसोटी, घर पायी अंतरावर, आणि अकरांत त्याचं नाव नव्हतं. कसोटीचा शेर त्याला पुन्हा कधीच मिळाला नाही. हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही.

सामना एका दिवसात आटोपल्यानं संध्याकाळ मोकळी आहे. ट्रिप्लिकेनमध्ये फिरा. पार्थसारथी मंदिराच्या गल्ल्या, ओसरीवरच्या गप्पा, पितळी डबऱ्यात खालीवर होणारी कॉफी. कान उघडे ठेवलेत तर एखाद्या ओसरीवरून तंजावरी मराठीही कानावर पडेल, आपली आणि तरीही आपली नसलेली. गोपालन याच वस्तीतला, ट्रिप्लिकेन क्रिकेट क्लबचा गडी. जन्म चेंगलपट्टू जिल्ह्यातल्या मोरप्पाक्कमचा, नावातलं ‘एम’ तिथलंच.

त्याला हेरलं सी. पी. जॉन्स्टननं. हा गडी युरोपियनांचा, केंट काउंटीकडून खेळलेला, बर्मा शेल कंपनीतला साहेब. त्यानं गोपालनला बर्मा शेलमध्ये चिकटवलं. हे नोकरीचं प्रकरण घाईनं ओलांडू नका, कारण सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. त्या काळी खेळाला पैसे घेणं म्हणजे बाट. अमेरिकेत जिम थॉर्पनं 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली. का, तर आधी बेसबॉल खेळताना त्यानं चार पैसे घेतले होते. पुढे तो व्यावसायिक बेसबॉलही खेळला आणि त्यांचं ते बगलेत चेंडू मारून पळायचं फुटबॉलही. आपल्याकडे तेलकंपन्या आणि रेल्वेनं, पुढे बँकांनी, यावर तोडगा काढला : पगार कारकुनीचा, हजेरी मैदानावर. आज ज्या पंपावर तुम्ही स्कूटरमध्ये पेट्रोल भरता त्या भारत पेट्रोलियमचं बर्मा शेल हे माहेर.

आता 1935 कडे सरका. गोपालनच्या हातात हॉकी स्टिक आहे. ध्यानचंदच्या संघाबरोबर तो न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघालाय. अठ्ठेचाळीस सामने आणि 584 गोल. हा क्रिकेटचा धावफलक नव्हे, पुन्हा वाचा. त्या संघातून खेळून आलेल्या माणसाला बर्लिन ऑलिंपिकचं दार उघडंच होतं.

आणि मग 1936 चा उन्हाळा. त्याच उन्हाळ्यात क्रिकेट संघ इंग्लंडला निघतोय आणि गोपालनची निवड झालीय. हॉकीवाल्यांचंही बोलावणं आहे. दोन्हीकडे जाता येत नाही. चिठ्ठी द्यायची वेळ हीच.

पण हात खिशात घालण्याआधी त्याच्या जागी उभे राहून बघा. हॉकीत भारतानं 1928 आणि 1932 अशी दोन सुवर्णपदकं आधीच आणलीत. तिथे जिंकणं हा नियम झालाय. 1932 ला संघ पाठवताना पैशांची इतकी ओढाताण होती की वाटेत प्रदर्शनी सामने खेळून खर्च भागवावा लागला. क्रिकेटमध्ये भारत अजून एकही कसोटी जिंकलेला नाही. (ती पहिली जीत 1952 साली येईल, तीही चेपॉकवर, विनू मंकडच्या बारा बळींच्या जोरावर.) मद्रासच्या क्लबांमध्ये, बर्मा शेलच्या कचेरीत, प्रेसिडेन्सी सामन्यात जे चलन चालतं ते क्रिकेटचं. इंग्लंडचा दौरा म्हणजे लॉर्ड्स, ओव्हल, काउंट्यांची मैदानं, अख्खा उन्हाळा. गोपालननं क्रिकेट निवडलं.

त्याच्यावर लिहिणारा प्रत्येक जण या वळणाशी येऊन हळहळतो. मला ती हळहळ फुकटची वाटते. निकाल हातात घेऊन प्रश्न सोडवणारे आपण, त्याच्या हातात फक्त प्रश्न होता.

तरीही लंडनला जायलाच हवं. 15 ऑगस्ट 1936, शनिवार, ओव्हल. या तारखेचा अर्थ अकरा वर्षांनी बदलणार आहे, आज ती नुसती तारीख आहे. मालिकेतली तिसरी कसोटी आज सुरू होतेय. धावफलकाशी जा आणि भारताची नावं वाचा. गोपालन नाही. लॉर्ड्सला नव्हता, मँचेस्टरला नव्हता, इथेही नाही. संघाचे कप्तान विजयनगरमचे महाराजकुमार, विझी. तीन कसोटींत मिळून 33 धावा, पण याच दौऱ्यात त्यांना सरकारनं सर केलंय. लाला अमरनाथला जूनमध्येच बेशिस्तीच्या नावाखाली बोटीत बसवून घरी धाडलं. आज बाका जिलानी पहिल्यांदा कसोटीत उतरलाय. नाश्त्याच्या टेबलावर त्यानं सीकेंचा पाणउतारा केला, त्याचं हे बक्षीस, असं पुढे कित्येक वर्षं सांगितलं जाईल. इतक्या गटबाजीत दक्षिणेतला एक मध्यमजलद गोलंदाज मागे राहिला, यात नवल ते काय!

इंग्लंडची फलंदाजी चालू आहे. हॅमंड आणि वर्दिंग्टन हलता हलत नाहीत. त्यांची भागी 266 पर्यंत जाणार आहे, त्यातल्या हॅमंडचे 217. मोहम्मद निसार घाम गाळतोय, पुढे पाच बळीही घेईल. तुम्ही पॅव्हिलियनच्या गॅलरीकडे डोळे लावलेत, पण पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत कोण कोण हे इतक्या लांबून कळत नाही.

आणि बर्लिनला आजच हॉकीची अंतिम लढत आहे. ठरली होती काल, पावसानं आजवर ढकलली. पावसानं नेमका हाच दिवस निवडावा, यापेक्षा दुष्टपणा तो कोणता? महिन्याभरापूर्वी सराव सामन्यात याच जर्मनांनी भारताला 4-1 हरवलं होतं, त्यामुळे मंडळी धास्तावलेली. कपडे बदलायच्या खोलीत संघाबरोबर आलेल्या पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केलं. मध्यंतराला 1-0. ओलं मैदान पायाला धरेना, तेव्हा ध्यानचंदनं बूट काढून टाकले. शेवटी 8-1. त्याच ऑलिंपिकच्या निमित्तानं आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनला देशी खेळ दाखवून आलं. म्हणजे आपल्या वऱ्हाडातली पोरंही तिथे पोचली होती, आणि गोपालन ओव्हलच्या धावफलकावरही नव्हता.

चिठ्ठी आता नुसती चुरगळलीय. पण एक परीक्षा द्या. 1936 च्या त्या सुवर्णपदकवाल्या संघातली नावं सांगा. ध्यानचंद. रूपसिंग. मग? दारा आठवला तर तुम्ही जाणकार. बाकीच्यांच्या गळ्यात पदक पडलं आणि नाव पुस्तकाच्या मागच्या पानावर गेलं.

परत या. पुढची वर्षं भराभर उलटा, गोपालन खेळतच राहिला. 1940-41 च्या रणजीत प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्रानं अंतिम सामन्यात मद्रासलाच सहा गडी राखून हरवलं, तेव्हा देवधर होते एकोणपन्नास वर्षांचे. पुण्यात आजही त्या विजेतेपदाची आठवण निघते. गोपालनची प्रथम श्रेणीची कारकीर्द पन्नाशीच्या दशकाच्या उंबऱ्यापर्यंत लांबली : 78 सामने, 194 बळी, 2916 धावा.

मग 1953 ला चेपॉकवर थांबा. समुद्रापलीकडून सिलोनचा संघ आलाय, मद्रासशी खेळायला. करंडकाचं नाव : एम. जे. गोपालन करंडक. सिलोनला, म्हणजे श्रीलंकेला, कसोटीचा दर्जा मिळायला अजून अठ्ठावीस वर्षं आहेत. तोवर त्यांच्या दोन पिढ्या या सामन्यांवर पोसल्या जातील. एका कसोटीच्या माणसाच्या नावानं दोन देशांचा खेळ चालू राहिला. हॉकीच्या पदकाशी त्याची तुलना करायची नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं, केलीच.

शेवटचा थांबा डिसेंबर 2003. मद्रासचं चेन्नई झालंय, ट्राम जाऊन पन्नास वर्षं झाली. 21 तारखेला गोपालन गेले. नोंदीप्रमाणे चौऱ्याण्णवाव्या वर्षी. हयात कसोटीपटूंमध्ये ते सगळ्यांत वयोवृद्ध होते. त्यांना अरेतुरे करायची सवय तुम्ही मघाच सोडायला हवी होती.

संध्याकाळी चेपॉकच्या मागच्या अंगानं मरीनावर या. वाळूत पोरांचं टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट रंगलंय. हॉकी स्टिक एकाच्याही हातात नाही. सुंडलवाला आंबट कैरी घालून हरभरे कालवतो, द्रोण करायला कागद शोधतो. त्याचे संपलेत. तुमच्या खिशात एक आहे.