मनीऑर्डर थांबली तेव्हा

मंडळी, आज गणपतीपुळ्यात पर्यटकांची गर्दी बघून जरा 1982 आठवा. तेव्हा मी पाळण्यात होतो, पण बातमीदारी करताना जुन्या माणसांकडून हेच ऐकत आलोय. रत्नागिरी म्हणजे मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा! 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात आपले कोकणी चाकरमानी कितीतरी. पोस्टमन रिकाम्या हाताने यायला लागला.

संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. अनेकजण बिऱ्हाड मोडून गावी आले. पण कोकण बसलं नाही. भात, मासळी, वाण्याची उधारी यांवर घरं तगली. 1990 ला रोजगार हमीतून फळबागेसाठी शंभर टक्के अनुदानाची योजना आली. कातळ फोडून हापूसची कलमं उभी राहिली. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली.

कौतुक करूच. पण अनुदानाला सातबारा लागतो. ज्या बाईच्या नावावर गुंठाही नव्हता, ती दुसऱ्याच्या बागेत मजुरीलाच गेली. उमेद तिच्याकडेही होती, सातबारा नव्हता.

2020 मध्ये देऊळ बंद झालं, तेव्हा पुन्हा तेच: एकाच कमाईवर गाव उभं. मनीऑर्डरचा धडा आपण खरंच शिकलो का?