काठीपासून उपग्रहापर्यंत

बीड जिल्ह्यांतील तेलगांवासारख्या गांवांतला एखादा मुलगा भूस्थानिक अभियांत्रिकी शिकावयास निघाला, म्हणजे वडील मंडळी विचारणारच कीं, आकाशांतला उपग्रह सर्व सांगत असतां मोजणाराचें काम तें काय उरलें? प्रश्न रास्त आहे. आमच्या मतें त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

आपल्याकडे मोजणीचे दोन प्रवाह झाले. पहिला गांवचा. शिवकालीं पांच हात पांच मुठींची काठी असे; वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. इंग्रजी अमलांत काठी जाऊन ३३ फुटी साखळी आली. साखळीभर लांब व तितकाच रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बीड निजामाकडे होतें. तेथेंही मुंबईच्या धर्तीवर जमाबंदीची मोजणी झाली. या नकाशांत शेजाऱ्याचा बांध दिसतो. पण गांव पृथ्वीच्या पाठीवर नेमकें कोठें, हें त्यांत नाहीं.

दुसरा प्रवाह पृथ्वीचा. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यांनीं मद्रासेजवळ सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि तिच्या आधारें त्रिकोणामागून त्रिकोण रचीत ते निघाले. १८०८ मध्यें तंजावरच्या देवळावर चढवितांना त्यांचें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र दोर तुटून आदळलें. तंबूंत बसून त्यांनीं तें स्वतः नीट केलें. कारण एका कोनांतील चूक पुढील सर्व त्रिकोणांत उतरते. १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाटास, कामावर असतांच, त्यांचा अंत झाला. तेलगांवाच्या बऱ्याच पूर्वेस, ७८ रेखांशालगत गेलेली ती त्रिकोणमाला जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

हे दोन्ही प्रवाह आज एकत्र आणावयाचे आहेत. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें गांवठाणांची मोजणी होऊं लागली. परंतु उपग्रह सांगतो अक्षांश-रेखांश. शेताचा बांध साखळीच्या नकाशांतला. तो कागद आकसलेला, खुणेचे दगड हललेले. कोणता दगड खरा मानावयाचा, हें यंत्र ठरवीत नाहीं. एकरभर चौरस शेताचा एक बांध सव्वापांच फूट सरकला कीं एक गुंठा गेला. आणि गुंठ्यापायीं भाऊ भावाचें तोंड पाहीनासा होतो, हें आम्हीं काय सांगावें!

म्हणून मोजणाराचें काम संपलेलें नाहीं. तेलगांवच्या त्या मुलानें नवें यंत्र अवश्य शिकावें. मात्र आपलें माप दुसऱ्या वाटेनें पुन्हां पडताळून पाहिल्यावांचून कागदावर रेघ ओढूं नये.