दोन माधव

उज्जयिनीच्या माधवनगरात, फ्रीगंजच्या घंटाघराजवळून जाताना, ज्यांचे नाव या वस्तीस लाभले त्या माधवराव शिंदे सरकारांबरोबर मला नेहमी दुसरा एक माधव आठवतो. कारण राज्याचा भार दोघांच्याही मस्तकी बालवयातच आला.

सवाई माधवराव १७७४ साली पुरंदरावर जन्मले, तेव्हा त्यांचे पिता नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून होऊन साडेसात महिने लोटले होते. पेशवाईची वस्त्रे तान्हेपणीच आली, आणि १७७७ मध्ये मातोश्री गंगाबाईही गेल्या. नाना फडणविसांनी पागोट्यापासून पंतोजीपर्यंत कशाचीही वाण पडू दिली नाही. तथापि बंदोबस्त म्हणजे माया नव्हे. या मृदू स्वभावाच्या मुलाचा जीव पर्वतीच्या पायथ्याशी राखलेल्या शिकारखान्यातल्या मुक्या प्राण्यांत रमे. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यास आले आणि धन्याला मोकळेपणाने बोलावयास एक वडीलधारे माणूस मिळाले. परंतु फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस तेही निवर्तले. पुढे चुलते बाजीराव यांच्याशी चाललेला गुप्त पत्रव्यवहार नानांनी पकडला, आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तापात असलेले पेशवे वाड्याच्या मजल्यावरून खाली पडून मृत्यू पावले. तो अपघात होता, ज्वराची भ्रांती होती की विषाद, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहे. त्या मनाच्या एकाकीपणाविषयी मात्र मला संशय वाटत नाही.

मातृवियोग व बालमन यांचा संबंध जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली विस्ताराने मांडला. तरी बाल्य म्हणजे विधिलिखित नव्हे. स्वभावधर्म आणि पुढे भेटणारी माणसे यांचाही त्यात वाटा असतो.

शिंदे सरकारांचे पितृछत्र १८८६ मध्ये नवव्या वर्षी हरपले. १८९४ पर्यंत कारभार रीजन्सी कौन्सिलने पाहिला. परंतु मातोश्री सख्याराजे होत्या. पुढे हेच महाराज मुलुखभर लोहमार्ग पसरविते झाले, आणि ग्वाल्हेरच्या महालात पाहुण्यांच्या पंक्तीत रुपेरी आगगाडी फिरविण्याइतके बाल्य त्यांनी प्रौढपणीही जपले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. परंतु शिवपुरीस माता आणि पुत्र यांच्या छत्र्या समोरासमोर उभ्या आहेत. त्या पाहिल्या की, पोरक्या मुलासाठी दौलत राखणाऱ्यांनी त्याच्यासमोर मायेचे एक माणूसही राखावे, असे कळवळून वाटते.