अर्बुदाचा शेष

अर्बुद काढताना त्याचा लवलेशही मागे राहू देऊ नये, अशी सूचना सुश्रुतसंहितेत आहे. राहिलेला अंश पुन्हा वाढतो आणि प्राण घेतो, हे सांगताना ग्रंथकाराने अग्नीची उपमा योजिली आहे. सुश्रुताचे अर्बुद म्हणजे आजचा सार्कोमा, असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. परंतु हाडांत व स्नायूंत उद्भवणाऱ्या या कर्करोगाचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरला आहे : शेष राहतो तरी कोठे?

एकोणिसाव्या शतकातील शल्यविशारदांचे उत्तर सरळ होते. शेष राहतो तो जखमेच्या कडेला. म्हणून अधिक वरून छेद घ्यावा. १८९० साली न्यूयॉर्क येथे विल्यम कोली या तरुण शल्यविशारदाने बेसी डॅशिएल या सतरा वर्षांच्या मुलीचा हात सार्कोमापायी कोपराखाली छेदला. हात गेला, रोग गेला नाही. अंगावर ठिकठिकाणी गाठी उठल्या आणि १८९१ च्या जानेवारीत ती मरण पावली.

अस्थि-सार्कोमाच्या बाबतीत पुढेही सुमारे ऐंशी वर्षे हीच कथा. पाय छेदून रुग्ण घरी परते. क्ष-किरणांत फुप्फुसे स्वच्छ दिसलेली असत. आणि बहुधा दोन वर्षांच्या आत तीच फुप्फुसे रोगाने व्यापली जात. पाचांपैकी सुमारे चौघांच्या वाट्याला हे येई. शेष जखमेत नव्हताच. सूक्ष्म पेशींच्या रूपाने तो रक्तावाटे आधीच दूर पोहोचलेला असे, आणि तेथे शस्त्र काय करणार?

१९७० नंतर शस्त्रक्रियेला औषधांची जोड मिळाली, तेव्हा एक वाद उपस्थित झाला. काही जाणकारांचे म्हणणे असे की, रोगाचेच स्वरूप अलीकडे सौम्य झाले आहे. औषधांना फुकटचे श्रेय मिळते. हा वाद पोकळ नव्हता, कारण ती औषधे फार जाचक होती. अखेर अमेरिकेत ३६ रुग्णांची, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत विभागणी झाली. निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांअखेर रोग न परतण्याचे प्रमाण औषधे घेतलेल्यांत ६६ टक्के होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत १७ टक्के. रोग मुळीच सौम्य झालेला नव्हता. हे सिद्ध होण्यासाठी त्या दुसऱ्या गटातील तरुण रुग्णांनी मोजलेल्या किमतीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आज मूळ जागेपुरताच आढळलेला अस्थि-सार्कोमा पूर्ण उपचारांनंतर साधारणपणे तिघांपैकी एकाला पुन्हा गाठतो, आणि तोही बहुधा फुप्फुसांतच. म्हणूनच पाय बरा झाला तरी पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी छाती तपासतात. तेथे थोड्याच गाठी आढळल्या, तर त्याही शस्त्रक्रियेने काढतात. काही रुग्ण त्यानंतरही बरे होतात.